डावीकडची सीट

धर्मराज सोनावळे गाडीखाली शिरायचे तेव्हा मी शेजारी दोन विटांवर बसून राहायचो. काम काही नसायचं. बसायचं आणि अधूनमधून त्यांच्याशी बोलायचं. खालून उत्तर आलं की पुढच्या पाच मिनिटांची निश्चिंती. ही अट मायावहिनींची होती. "खाली जायचं तर जा, पण जवळ माणूस पाहिजे," असं त्यांनी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. बुवापाड्यात त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी राहायचो, नोकरीही त्यांच्याच ऑर्डनन्स फॅक्टरीत, आणि रविवारी मोकळा. म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि म्हणूनच हे सगळं मला माहीत आहे.

मी त्यांना दादा म्हणायचो. मशीन शॉपमधले जुने फिटर. उंचीला बेताचे, मनगटं मात्र लोहारासारखी. कमी बोलायचे. त्यांचे वडील शिवराम हे ट्रकवर क्लीनर होते. सबंध आयुष्य ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला बसून गेलं. गिअर कधी हातात आला नाही, आणि एक दिवस येईल या आशेवर म्हातारा वारला. दादांनी हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही पाना शोधता शोधता.

दोन हजार दोनच्या सुरुवातीला त्यांनी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका कापडवाल्याची वापरलेली गाडी घेतली. ती ना धड जीप, ना धड कार. जीपसारखी उंच, खड्ड्यांना न जुमानणारी, आणि आत बसलं की कारसारख्या गुबगुबीत सीटा. मागे समोरासमोर दोन बाकं. डिझेलवर चालणारी, राखाडी रंगाची. मागच्या काचेवर सिंधी लोकांच्या झुलेलालचं स्टिकर होतं. ते खरवडायला मी नख लावलं तर दादांनी माझा हात धरला.

"राहू दे रे. तो आधीपासून बसलाय. आपण मागून चढलो."

आणि त्याच्या शेजारी त्यांनी निळं अशोकचक्र चिकटवलं.

त्यानंतरचे आठ महिने मी त्या माणसाला जितकं हसताना पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. कामावरून आले की बनियनवर गाडी पुसायचे. रविवारी सगळं कुटुंब आत. पुढे त्यांची आई भिमाबाई, मधल्या सीटवर वहिनी आणि आठवीतली मुलगी पायल. कधी बदलापूरच्या पुढे बारवीच्या धरणावर, कधी नुसतंच कर्जतच्या रस्त्याला वडापाव खाऊन परत. गॅरेजचं तोंड त्या गाडीने पाहिलं नाही. ऑइल, फिल्टर, ब्रेकचे लायनर, सगळं घरासमोरच्या गल्लीत. "बोल्ट किती आवळायचा ते पान्याला कळत नसतं," ते म्हणायचे, "मनगटाला कळतं."

भिमाबाईला महाडला जायचं होतं. सत्तावीस सालच्या सत्याग्रहाला तिचे वडील मुरबाडकडून चालत गेले होते आणि चवदार तळ्याचं पाणी प्यायले होते. तिने ते तळं कधी पाहिलं नव्हतं.

"कवा नेशील रं?" ती विचारायची.

"वीस मार्चला नेतो, आई. वर्धापनदिनाला. मी स्वतः चालवत नेणार."

तो मार्च काही उजाडला नाही. म्हणजे उजाडला, पण वेगळाच.

ऑक्टोबरातली गोष्ट. रविवारची सकाळ, दादा गाडी धूत होते. मी ओट्यावर दात घासत होतो. बादली कलंडल्याचा आवाज आला. पाहतो तर दादा चाकाशेजारी आडवे, अंग ताठ, डोळे वर, हातात ओला फडका घट्ट आवळलेला. मी धावलो, वहिनी धावल्या. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल आणली. दोन-तीन मिनिटांत अंग सैल पडलं. शुद्धीवर यायला बराच वेळ लागला. आल्यावर पहिलं काय विचारलं, तर, "नळ बंद केला का?"

कल्याणच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. मधल्या काळात आणखी दोन झटके येऊन गेले. त्याला फिट म्हणतात, मिरगी म्हणतात, नाव काहीही घ्या. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एकेक बोट दुमडत सांगितलं, "फिरत्या मशीनवर काम नाही. उंचावर चढायचं नाही. गाडी तर नाहीच नाही."

"किती दिवस?" दादांनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दिवसांत नका मोजू, सोनावळे."

फॅक्टरीत त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तिथे दिवसभर नट-बोल्टांची खोकी द्यायची आणि घ्यायची. लायसन वहिनींनी कपाटात साड्यांखाली ठेवलं. दादांनी ते कधी मागितलं नाही.

गाडी विकून टाका, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. दादा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी बोनेट उघडायचे. मध्ये एकदा नात्यातल्या एकाने ड्रायव्हर पाठवला. तो त्यांना टिटवाळ्यापर्यंत घेऊन गेला आणि परत घेऊन आला. दादा उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच. "गिअर टाकतोय का खलबत्ता कुटतोय?" पुन्हा कुणाला बोलावलं नाही.

उभ्या गाडीची निगा चालत्या गाडीपेक्षा जास्त लागते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. टायर एकाच जागी दबतात, म्हणून महिन्यातून एकदा आम्ही दोघं गाडी वीतभर पुढे ढकलायचो. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बोनेटमध्ये तंबाखूची पुडी. बॅटरी बसू नये म्हणून दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू.

त्या दहा मिनिटांत दादा उजवीकडे बसायचे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाकांना विटा लावलेल्या. एवढी मुभा वहिनींनी दिली होती. एकदा मी पाहिलं, त्यांचा डावा पाय क्लच दाबतोय आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर हलकेच फिरतोय. दांडा जागचा हलत नव्हता, पण पहिला, दुसरा, तिसरा कळत होता. डोळे समोरच्या भिंतीवर, म्हणजे भिंतीच्या पलीकडे कुठेतरी. वहिनी चहा घेऊन काचेपाशी आल्या.

"कुठपर्यंत आलात?"

"पेण सोडलं."

"गर्दी आहे?"

"वडखळला होती थोडी."

वहिनींनी चहा आत दिला आणि घरात गेल्या. मी दोघांकडेही पाहिलं नाही. पाहवलंच नाही.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. मग दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतरचा तो रविवार आला. दादा सीटवर बसले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"सीट कोणी पुढे घेतली?"

"पायल बसली असेल," मी म्हणालो.

त्यांनी सीट मागे घेतली. इंजिन चालू केलं, क्लच दाबला, हळूच सोडला. पुन्हा दाबला. चेहरा बदलला. खाली वाकून त्यांनी वास घेतला.

"अल्पेश, क्लच वर पकडतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे प्लेट झिजली. उभ्या गाडीची प्लेट झिजते का रे कधी?"

त्यांनी इंजिन बंद केलं. त्या शुक्रवारी त्यांनी स्टोअरमधून अर्धी सुट्टी घेतली आणि मलाही घ्यायला लावली. आम्ही दुपारी गल्लीत आलो. ताडपत्री घडी करून भिंतीला लावलेली. विटा बाजूला. गाडी नाही.

मी पोलिसांचं नाव काढलं तसा दादांनी हात वर केला आणि ते ओट्यावर बसले. अर्धा तास गेला. मग वळणावर ओळखीचा आवाज आला. गाडी आली ती शांत, दुसऱ्या गिअरमध्ये, कचराकुंडी अचूक चुकवत. स्टिअरिंगवर वहिनी. पाठीमागे उशी, पदर खोचलेला, मान पुढे ताणलेली. डावीकडे उल्हासनगरच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मुकेश. तो ओरडत होता, "हाफ क्लच, भाभी, हाफ क्लच! अब छोडो आरामसे!"

वहिनींना आम्ही दिसलो आणि गाडी दोन गचके देऊन बंद पडली.

मुकेश खाली उतरला, दादांकडे पाहून नमस्कार केला. परिस्थिती बिकट आहे हे त्याला कळलं असावं. "सेठ, भाभी का हात एकदम सेट है. लायसन भी आ गया," एवढं बोलून तो चालता झाला. नंतर कळलं ते असं. स्कूलच्या छोट्या गाडीवर लायसन काढून झालं होतं, पण या उंच गाडीचा अंदाज येत नव्हता. म्हणून शुक्रवारी, एमआयडीसीला सुट्टी असते तेव्हा, आनंदनगरच्या मोकळ्या रस्त्यांवर सराव. चार महिने चाललं होतं. भिमाबाईला माहीत होतं. पायललाही. फक्त आम्हा दोघांना नाही.

वहिनी खाली उतरल्या. चावी हातात धरून उभ्या राहिल्या. "अहो, सांगणारच होते…"

दादा उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढच्या चाकाला हात लावून पाहिला.

"क्लचवर पाय ठेवून चालवतेस," ते म्हणाले आणि घरात गेले.

त्यानंतर आठवडाभर त्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज. भिंत एकच असल्यामुळे मला ऐकू यायचं, किंवा यायचं नाही. एकदा भिमाबाई बोलली, "तिनं शिकू नये तर काय करावं? मी मेल्यावर नेतोस काय मला महाडला?"

पुढच्या शनिवारी सकाळी दादांनी माझं दार वाजवलं. हातात नवी क्लच प्लेट. "दोन दिवस लागतील. आजची रजा टाकून बसशील ना?"

गिअरबॉक्स उतरवणं हे गल्लीत करायचं काम नव्हे. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, उचलली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सोडवला. जॅकवर फळी ठेवून तो जडशीळ गिअरबॉक्स बोटाबोटाने खाली घेतला. दादा खाली उताणे, मी बाहेर, जॅकचा दांडा माझ्या हातात. जुनी प्लेट बाहेर आली ती जळून निळसर पडलेली, रिव्हेट डोकं वर काढू लागलेले. त्यांनी ती उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली. डॉक्टर एक्स-रे पाहतात तशी.

नवी प्लेट बसवायची तर ती बरोबर मधोमध धरावी लागते, नाहीतर गिअरबॉक्स परत आत जात नाही. त्यासाठी कंपनीचं हत्यार मिळतं. आमच्याकडे नव्हतं. दादा स्वयंपाकघरात गेले आणि वहिनींचं जुनं लाटणं घेऊन आले. कानसीने त्याचं टोक घासत घासत प्लेटच्या भोकाच्या मापाचं केलं. वहिनी दारात उभ्या राहून लाटण्याचा भुगा पडताना पाहत होत्या. ते लाटणं त्यांच्या लग्नातलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बोल्ट आवळताना खालून आवाज आला.

"अल्पेश."

"हो दादा."

"ती शिकली त्याचं वाईट नाही वाटलं."

"हं."

"चोरून शिकली त्याचंही नाही." पाना दोनदा फिरला. "त्या दिवशी वळणावर तिने तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली. आवाजसुद्धा झाला नाही. तुला नसेल कळलं. मला वाटलं, गाडी मला विसरली."

मी जॅकचा दांडा उगाच घट्ट धरून ठेवला.

संध्याकाळी त्यांनी आणखी एक काम केलं. ड्रायव्हरची सीट सोडवली, तिच्या खाली लोखंडी पट्ट्या टाकून ती दोन इंच उचलली आणि पुढच्या बाजूला दोन भोकं नवीन पाडून पक्की बसवली. आता त्या सीटवर दादांना बसताच आलं नसतं, गुडघे अडकले असते. वहिनींची उशी त्यांनी काढून घरात दिली.

"बस," ते म्हणाले. "पाय टेकतात का बघ."

वहिनी बसल्या. पाय टेकले.

"आता डावा पाय उचलून बाजूला ठेवायचा. गिअर टाकतानाच क्लच. समजलं?"

"समजलं."

"मुकेशला काय येतंय," ते पुटपुटले आणि फिरून डावीकडच्या दाराने आत बसले.

दोन हजार पाचच्या वीस मार्चला, रविवार होता, पहाटे पाचला आम्ही निघालो. मीसुद्धा. वाटेत काही झालं तर धरायला म्हणून वहिनींनी मला घेतलं होतं. भिमाबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून मधल्या सीटवर पायलशेजारी, मी मागच्या बाकावर डब्यांसोबत. पनवेलपर्यंत दादा सारखे बोलत होते. डावीकडे घे. हॉर्न दे. त्याला जाऊ दे. कर्नाळ्याच्या खिंडीत वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बोललात की मला रस्ता दिसत नाही." मग ते गप्प झाले. पेण आलं, गेलं. वडखळला खरंच गर्दी होती. मी आरशातून त्यांचा चेहरा पाहिला. ते खिडकीबाहेर पाहत होते, एकेक गाव ओळखीचं असावं तसं, आणि या रस्त्याला ते आयुष्यात पहिल्यांदाच येत होते.

महाडला माणसांचा समुद्र होता. गाडी बरीच अलीकडे लावून आम्ही चालत गेलो. भिमाबाई तळ्याच्या पायऱ्यांवर हात धरून उतरली, ओंजळ भरली, थोडं पाणी प्यायली आणि उरलेलं आपल्या तोंडावरून फिरवलं. "माझा बाप हितं उभा होता," ती म्हणाली. शेजारच्या अनोळखी बायाही रडल्या.

परतताना माणगावच्या अलीकडे वहिनींनी गाडी हायवेवरून खाली घेतली. कापणी झालेल्या भाताचं मोठं सपाट रान होतं, कडेला एक आंबा. माणूस ना काणूस. त्यांनी सगळ्यांना आंब्याखाली उतरवलं, डबे काढले. मग चावी दादांपुढे धरली.

"बसा. त्या बांधापर्यंत जाऊन या. सीट मागे करून घेतलीय, पट्ट्यासुद्धा काढल्यात."

ते कधी केलं होतं कोण जाणे. पाने कुठले वापरले तेही वहिनींनाच ठाऊक. इतका लांब पल्ला त्यांनी उशीवर बसून गाडी चालवली होती, आणि दादांचं लक्ष रस्त्यावर असल्यामुळे त्यांनासुद्धा कळलं नव्हतं.

दादांनी चावी घेतली. उजवीकडच्या दारापाशी गेले. हँडलवर हात ठेवला. तो हात तिथे इतका वेळ राहिला की पायल उठायला लागली. मी तिला खूण करून बसवलं.

"नको माया," ते म्हणाले.

"इथे कोणी नाहीये."

"म्हणून तर नको. इथे जमलं तर उद्या एमआयडीसीत जमेल. परवा हायवेला. मी मला ओळखतो." मग खूप हळू म्हणाले, "एकदा चाखलं की सुटायचं नाही."

त्यांनी चावी परत दिली. बोनेट उघडून पाणी पाहिलं, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा घालून पाहिली. दोन्ही ठीक होतं. मग हत्यारांची पिशवी काढली आणि त्या रानात, आम्ही जेवत असताना, तिच्यातच सापडलेल्या पट्ट्या घालून सीट पुन्हा उचलून पुढे बसवली.

मग आम्ही घरी निघालो. भिमाबाई सबंध रस्ता गात होती.

पुढे वहिनींचा हात इतका बसला की बुवापाड्यात कुणाची बाई अडली तर रिक्षाच्या आधी मायावहिनींना हाक जायची. दादा कायम शेजारी. सर्व्हिसिंग घरीच, आणि मी विटांवर. दोन हजार आठमध्ये त्यांना शेवटचा झटका येऊन पाच वर्षं होऊन गेली होती. डॉक्टरांनी गोळी कमी केली. त्या दिवशी दादांनी विचारलंच. वहिनी बाहेर बाकावर होत्या, आत मी होतो.

"डॉक्टर, आता गाडी?"

"अजून इच्छा आहे?"

"आहे."

डॉक्टरांनी फाइल मिटली. "कायद्यात बसत नाही, सोनावळे. आणि खरं सांगू, माझाही जीव धजत नाही."

"बरं," दादा म्हणाले. "विचारलं फक्त."

त्यानंतरच्या रविवारी गाडी धुवायला काढली. मी खालच्या रबरी मॅटा बाहेर काढून भिंतीला टेकवत होतो. उजवीकडची शाबूत होती. डावीकडची एका जागी आरपार गेलेली. टाच टेकते तिथे गोल खळगा आणि पुढे, पंजाच्या जागी, रुपयाएवढं भोक. डावीकडे तर पेडल नसतं.

"ही कशी फाटली?" मी विचारलं.

वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वळून मॅटकडे पाहिलं, मग दादांकडे. "मी ब्रेक मारते ना, त्याच्या आधी हे मारतात," त्या म्हणाल्या. "रोज."

दादा ओशाळले. मॅट हातात घेऊन भोकातून बोट घालून पाहिलं. मला वाटलं, नवी आणायला कॅम्पात जातील. ते आत गेले आणि जुन्या टायरचा तुकडा घेऊन आले. तळहाताएवढा कापला, कडा घासल्या, पंक्चरचं सोल्यूशन लावून भोकावर बसवला आणि चारही कोपऱ्यांना रिव्हेट मारले. मग मॅट जागेवर टाकून डावीकडे बसले आणि उजवा पाय त्यावर दाबून पाहिला.

"बास," ते म्हणाले. "आता टिकेल."